वडिलोपार्जित जमीन वाटत गेल्याने पुढच्या पिढ्या मागे पडतात का?
हो, बऱ्याचदा पडतात. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ वर आली. आमच्याकडे आजोबांची एकच विहीर आता चार भावांत आहे, मोटर कोणी कधी चालवायची याच्या पाळ्या लावल्यात आणि सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यामुळे कर्जाला बँकेत गेलं की सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं, मग ठिबकसाठी कोणी पैसाच घालत नाही. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, तरी घरातल्या घरात तोंडी वाटण्या चालूच. आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात ते मला फार लागतं, राज्यात १९९४ पासून मुलींना समान वाटा आहे, तो नावावर असता तर तिलाही स्वतःच्या जिवावर पोरं शिकवता आली असती.