बैलाचा खांदा

प्रिय ओवी,

पोळ्याचे फोटो बघून तू विचारलंस, “बैल एवढा लाडका असतो तर त्याच्या नाकात दोरी का? आणि लाड फक्त एकच दिवस का करतात?” दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत.

आधी नाकाचं सांगते. त्या दोरीला वेसण म्हणतात. गोऱ्हा साधारण दीड-दोन वर्षांचा झाला की नाक टोचतात. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग मऊ असतो, मागे कूर्चा लागते. टोचायचं ते मऊ जागी. कूर्चेतून टोचलं तर जखम चिघळते, आणि फार कडेला टोचलं तर एखाद्या हिसक्याने नाक फाटतं. त्याला दुखतं, हे खरंच आहे. म्हणून जखम भरेपर्यंत ती दोरी ओढायची नसते. वेसण सुताची हवी, नायलॉनची काचते. ती असते कारण चारशे किलोचं जनावर बुजलं तर माणसाच्या ताकदीने आवरत नाही. पण चांगला बैलकरी वेसणीला क्वचितच हात लावतो. त्याची जोडी त्याच्या बोलण्यावर वळते.

आता लाडाचं. बैलावर कुणाची किती माया आहे हे झुलीवरून कळत नाही. त्याचा खांदा बघावा.

नांगर असो की गाडी, ओढताना सगळा भार येतो मानेवर, वशिंडाच्या म्हणजे पाठीवरच्या उंचवट्याच्या पुढे. तिथे लाकडी जू टेकतं. मान जुवातून बाजूला सरकू नये म्हणून दोन्हीकडे शिवळा म्हणजे उभ्या खुंट्या असतात आणि गळ्याखालून जुपणी म्हणजे पट्टा बांधतात. जू खडबडीत असेल, जुपणी ढिली असेल किंवा जोडीतला एक उंच नि एक बुटका असेल, तर जू घासतं. पावसात कातडी ओली असते, तेव्हा तर फार लवकर सोलवटते. मग सूज येते. ‘खांदा आला’ म्हणतात ते हेच. अशा बैलाला जुंपायचं नाही, बरा होईपर्यंत त्याला विश्रांती द्यायची. एक बैल अशक्त असेल तर जुवावरची ओढीची गाठ मधून थोडी ताकदवान बैलाकडे सरकवतात. त्याच्या वाट्याला जास्त ओढ येते आणि अशक्ताचा भार हलका होतो. डावीकडचा बैल कायम डावीकडेच जुंपतात, कारण तो त्या बाजूला रुळलेला असतो. जोडी मोडली तर नुसता नवा बैल आणून भागत नाही, उंची आणि चाल जुळावी लागते.

म्हणूनच पोळ्याचा सण सुरू होतो तो खांद्यापासून. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, कुठे तिला खांदशेकणी म्हणतात. कोमट पाण्याने खांदा धुवून शेकायचा, मग हळद कालवलेलं लोणी किंवा तूप चोळायचं. तूप परवडत नसेल तर तेल. आणि त्याच्या कानाशी जाऊन आवतण द्यायचं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” बघ, एरवी अरे-तुरे करतात, पण आवतण मात्र पाहुण्यासारखं, अहो-जाहो करून. मला या सणातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाहीत. अंघोळ, अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. मग सगळ्या जोड्या गावाच्या तोरणाखाली जमतात. विदर्भात तिथे झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीतं, गातात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, लाकडी बैलांचा. बहुतेक ठिकाणी हा सण श्रावण अमावस्येला असतो, काही भागांत भाद्रपद अमावस्येला. कोल्हापूर-सांगलीकडे त्याआधीच बेंदूर, म्हणजे बैलांचाच सण, होतो.

एक चूक मात्र मायेपोटीच होते. पुरणपोळ्यांचा आणि धान्याचा मारा! बैलाचं मोठं पोट चारा आंबवून पचवतं. एकदम गोड आणि पिठूळ पडलं की तिथे आम्ल वाढतं, रवंथ थांबते, डावी कूस फुगते, शेण पातळ होतं. मग डॉक्टरांना बोलवायलाच हवं, उशीर झाला तर बैल दगावू शकतो. नैवेद्याची एक-दोन पोळी पुरे, बाकी पोटभर नेहमीचा चारा. शिंगं छान दिसावीत म्हणून तासतात, तेही करू नये. आत रक्तवाहिन्या असतात.

आपल्याकडे बैल नाहीत, म्हणून आपण मातीचे पुजतो. यंदा तुझी जोडी तूच कर. पाय जाड आणि आखूड ठेव, बारीक पाय वाळताना मोडतात. दोन भाग जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढ आणि पातळ चिखल लाव, नाहीतर शिंगं गळून पडतील. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नकोस, तडे जातात. सावलीत दोन-तीन दिवस वाळू दे. वशिंड चांगलं उंच कर, आणि त्याच्या पुढे बोटाने जराशी खाच पाड. आदल्या संध्याकाळी हळद-तुपाचं बोट तिथेच लावायचं आहे.

तुझी,
आई