कायद्याचं विचारा : ‘संमती तुम्हीच दिली होती’

प्रश्न : डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं एक ॲप मी फोनवर घेतलं. सुरुवातीलाच त्याने संपर्क यादी मागितली. अंगात ताप होता, वाचत न बसता ‘सहमत’ दाबलं. आता माझ्या बहिणीला आणि ऑफिसातल्या दोघांना त्या ॲपच्या जाहिराती येतात, त्याही माझं नाव घालून! तक्रार केली तर कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘संमती तुम्हीच दिली होती.’ आता काही करता येईल का?

उत्तर : येईल. त्या एका ओळीने गप्प बसू नका. आजारी माणसाच्या घाईचा असा फायदा घेतलेला पाहिला की मला संताप येतो.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, कलम ६ खाली, जवळजवळ तुमचीच हकीकत उदाहरण म्हणून छापली आहे. एक बाई टेलिमेडिसिन ॲप, म्हणजे दुरूनच डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप, घेते. ॲप तिच्याकडे उपचारासाठी लागणारी माहिती मागतं आणि संपर्क यादीही मागतं. ती दोन्हींना हो म्हणते. तरीही कायद्याच्या लेखी तिची संमती उपचारापुरतीच, कारण त्या सेवेला संपर्क यादीची गरजच नाही. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, म्हणून अर्जात कलम घालण्याआधी ते अमलात आलं आहे का, एवढं पाहून घ्या. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच : ठरलेल्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. शिवाय दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

तेव्हा ‘मी बटण का दाबलं’ याचा खुलासा करत बसू नका. कंपनीला लेखी विचारा : माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कशासाठी घेतलीत, आणि कोणाकोणाला दिलीत? त्याच पत्रात संमती मागे घेतल्याचं आणि संपर्क यादी पुसून टाकण्याचं स्पष्ट लिहा. आलेल्या जाहिरातींचे तारखेसकट स्क्रीनशॉट जोडा. फोनच्या सेटिंगमधली परवानगीही बंद करा, पण तेवढ्यावर थांबू नका. नळ बंद केला तरी भरलेली बादली त्यांच्याकडेच असते.

या ‘काय आहे ते दाखवा’ अर्जाला कमी लेखू नका. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियाचा कायद्याचा विद्यार्थी. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली, तेव्हा १२०० हून अधिक पानं हाती आली. त्याने स्वतः पुसलेले मेसेजसुद्धा त्यात होते! जीडीपीआरखाली अशा अर्जाला साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं.

सगळंच पुसलं जाईल असं मात्र धरू नका. उपचाराच्या नोंदी किंवा पैशांचे हिशेब काही काळ जपायला दुसरे कायदेच सांगतात. संपर्क यादीला ती सबब चालणार नाही.

आता भरपाईचं. जीडीपीआरच्या कलम ८२ नुसार झालेल्या नुकसानीची, मनस्तापाचीसुद्धा, भरपाई मागता येते. भारतीय कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही मिळत नाही. हे मला मुळीच पटत नाही.

भारतात आधी कंपनीच्या तक्रार निवारणाकडे जावं लागतं आणि तिथे दाद लागली नाही, तर डेटा संरक्षण मंडळाकडे. युरोपात प्रत्येक देशाचं देखरेख प्राधिकरण असतं.

बहिणीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला तिची बाजू तुमच्याहून भक्कम वाटते. तिने तर कोणतंच बटण दाबलेलं नाही, आणि तिच्या नंबरासाठी तुम्ही दिलेली संमती ही तिची संमती होत नाही. जीडीपीआरखाली तिला ‘माझा नंबर कुठून आणलात’ असं विचारता येतं आणि जाहिराती थांबवायलाही सांगता येतं. थेट जाहिरातीला हरकत घेतली की कंपनीला थांबावंच लागतं. हरकत घेणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. तिचा अर्ज तुमच्या पत्रात मिसळू नका. तिने तो स्वतःच्या नावाने पाठवावा, आणि ऑफिसातल्या दोघांनीही आपापला.