सीपीआर देताना बरगडी मोडली तर?

वॉर्डात असतानाच वडिलांचं हृदय बंद पडलं. सीपीआरने (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याच्या उपचाराने) ते वाचले, पण दोन बरगड्या मोडल्या. स्टाफचा हलगर्जीपणा म्हणायचा का? (घोडबंदर रोड)

अजिबात नाही. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली दाबावी लागते, तीही मिनिटाला १०० ते १२० वेळा. उतारवयातली हाडं त्यात बरेचदा मोडतात. हाताखाली ‘कट्’ असा आवाज येतो आणि नवख्या सिस्टरचे हात तिथेच सैल पडतात. तिला आम्ही ओरडून सांगतो, थांबू नकोस! बरगड्या काही आठवड्यांत जुळून येतात, रक्ताविना राहिलेला मेंदू तसा भरून येत नाही. बाबांना खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला सांगा. दुखण्यामुळे ते दीर्घ श्वास टाळत असतील, तर डॉक्टरांकडून वेदनाशामक लिहून घ्या.

मी आयसीयूत नर्स आहे. सीपीआर देऊनही बहुतेक पेशंट जातात. घरी आल्यावर वाटतं, आपणच कमी पडलो. (कळवा)

ताई, अमेरिकेतल्या रुग्णालयांतही हृदय बंद पडलेल्या चार-पाच पेशंटांपैकी साधारण एकच घरी जातो. मालिकांत सगळे डोळे उघडतात, म्हणून नातेवाईकही तीच आशा धरतात आणि त्यांचा राग तुमच्यावर निघतो. तुमच्या हातात आहे ते एवढंच: दाब सोडल्यावर छाती पूर्ण वर येऊ देणं, दर दोन मिनिटांनी हात बदलणं, गरज असेल तिथे हृदयाला विजेचा शॉक लवकर मिळेल हे पाहणं. हे झालं असेल, तर तुम्ही कमी पडलेला नाहीत.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. पेशंट गेला की ग्लोव्हज काढून लगेच शेजारच्या बेडचं सलाईन बघायला पळायचं. निदान पाच मिनिटं टीमने एकत्र बसून बोलायला हवं, आणि ती वेळ काढून देणं हे इन्चार्जचं काम आहे. तुम्ही ते मागून घ्या. झोप उडाली असेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.

उपवन तलावावर फिरताना कुणी कोसळलं, पण घोरल्यासारखा श्वास चालू असेल तर?

हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नसेल, तर त्या आचक्यांना श्वास समजू नका. १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाब द्या. सीपीआर आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत, तर जगण्याची शक्यता मिनिटामिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दमलात की शेजारच्याला बोलवा, अँब्युलन्स येईपर्यंत आळीपाळीने चालू ठेवा.