वाचकांचे प्रश्न: पाकिस्तानची घटना का रखडली?

प्रश्न: भारताची घटना जेमतेम तीन वर्षांत झाली. पाकिस्तानला मात्र १९५६ साल उजाडले. इस्लामी राज्य हवे की नको, हा वादच याला कारण ना?

उत्तर: तो वाद होताच, पण त्याची दिशा १२ मार्च १९४९च्या उद्दिष्टांच्या ठरावाने (घटना इस्लामी तत्त्वांना धरून असेल, असे सांगणाऱ्या) बरीचशी ठरून गेली होती. खरे घोडे अडले ते बेरजेत. निम्म्याहून अधिक लोकसंख्या एकट्या पूर्व बंगालात, तर लष्कर, नोकरशाही आणि राजधानी पश्चिमेकडे. लोकसंख्येनुसार जागा दिल्या तर सत्ता ढाक्याकडे जाणार. १९५३मध्ये पंतप्रधान महंमद अली बोगरा यांनी तोडगा काढला. कनिष्ठ सभागृहात ३०० जागा: पूर्वेला १६५, पश्चिमेला १३५. वरिष्ठ सभागृहात पाच घटकांना प्रत्येकी १०, त्यांतले चार घटक पश्चिमेचे. दोन्हीकडची बेरीज करून पाहा, १७५ला १७५! सप्टेंबर १९५४मध्ये हा आराखडा मंजूरही झाला.

प्रश्न: मग महिन्याभरात घटनासमितीच बरखास्त कशी झाली? कोर्टाने ते चालवून कसे घेतले?

उत्तर: घटना होईपर्यंत कारभार ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यावर चालला होता. व्हाइसरॉय गेला, पण त्याची खुर्ची गव्हर्नर जनरलच्या नावाने शाबूत राहिली. १९५३मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम महंमद यांनी पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना याच जोरावर काढले होते. समितीने २१ सप्टेंबर १९५४ रोजी पंतप्रधानाला काढण्याचा हा अधिकार काढून घेतला आणि २४ ऑक्टोबरला गुलाम महंमद यांनी समितीच मोडली.

समितीचे अध्यक्ष तमीजुद्दीन खान सिंधच्या चीफ कोर्टात गेले, जिंकलेही. पण कोर्टाला रिट (सरकारला बांधील असा आदेश) काढण्याचा अधिकार मिळाला होता तो त्याच साली समितीने घातलेल्या २२३-अ या कलमाने. फेडरल कोर्टात न्या. मुनीर यांनी हाच धागा ओढला: कलमावर गव्हर्नर जनरलची संमती नाही, म्हणून कलम नाही, म्हणून रिट नाही. समितीचे घटनाविषयक कायदे तोवर संमतीविनाच अमलात येत, ही रीत सरकारलाही मान्य होती. विरोधी मत दिले एकट्या न्या. कॉर्नेलियस यांनी. या निकालाने इतर डझनावारी कायदेही लटकले, तेव्हा सरकारलाच पुन्हा कोर्टाकडे धाव घ्यावी लागली आणि ‘गरजेच्या तत्त्वा’वर (निकड असेल तर एरवी बेकायदा तेही चालवून घ्यायचे) ते कायदे तात्पुरते वाचवले गेले.

प्रश्न: १९५६ची घटना टिकली का नाही?

उत्तर: ती २३ मार्चला लागू झाली, पण निवडणूक झालीच नाही. अडीच वर्षांत चार पंतप्रधान झाले. त्यांतले चुंद्रीगर (पूर्वी मुंबई विधानसभेत बसलेले) दोनच महिने टिकले. ७ ऑक्टोबर १९५८ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी घटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला. वीस दिवसांत लष्करप्रमुख अयुब खानांनी त्यांनाच घरी बसवले. फेब्रुवारी १९५९ची ठरलेली निवडणूक अखेर डिसेंबर १९७०मध्ये झाली. या वेळी समान वाटा सोडून लोकसंख्येप्रमाणे जागा दिल्या होत्या. ३००पैकी १६२ पूर्वेला, त्यांतल्या १६० पूर्वेतल्याच अवामी लीग या पक्षाने जिंकल्या.