नोकरी कोणाकडे, काम कुठे?

आलेलं पत्र थोडक्यात असं:

‘सर, मी नवी मुंबईत घणसोलीला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.एस्सी. केमिस्ट्री. जून 2023 पासून रबाळ्याच्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासण्याच्या लॅबमध्ये, कंत्राटदारामार्फत काम करते, त्याला दोन वर्षं झाली. परवा महापेला मुलाखत होती. “हू डू यू वर्क फॉर?” असं विचारल्यावर मी औषध कंपनीचं नाव सांगितलं. मग त्यांनी पगाराची स्लिप मागितली. तिच्यावर कंत्राटदाराचं नाव. मॅडम म्हणाल्या, तुम्ही त्या कंपनीत नोकरीला नाहीच. मी खोटं बोलले असंच त्यांना वाटलं. माझं “सिन्स टू इयर्स”ही त्यांनी दोनदा दुरुस्त केलं. इन, ॲट, फॉर, विथ यांत माझा कायम गोंधळ होतो. मंगळवारी ऐरोलीला दुसरी मुलाखत आहे. ग्रामरचं एखादं पुस्तक सुचवाल का?’

प्रिय मैत्रिणी,

पुस्तक आत्ता नको, मंगळवार तोंडावर आलाय. आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तू खोटं बोललेली नाहीस. त्यांनी विचारलं ‘कोणाकडे नोकरीला आहात?’ आणि तू उत्तर दिलंस ‘कुठे काम करता?’ या प्रश्नाचं. सगळा घोटाळा त्या एका ‘फॉर’चा आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांमध्ये, गोदामांमध्ये, लॅबमध्ये तुझ्यासारखी कित्येक मुलं-मुली आहेत. गेटपास एकाचा, पगार दुसऱ्याचा. रोज ज्या गेटातून आत जातो तीच आपली कंपनी असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि आई-वडीलही नातेवाइकांना तेच नाव सांगतात. पण मुलाखत घेणाऱ्याच्या हातात स्लिप असते, पुढे पीएफच्या पासबुकातली नोंद तपासली जाते, आणि तिथे कंत्राटदाराच्याच आस्थापनेचं नाव निघतं. म्हणून तोंडातून निघालेला शब्द आणि कागद जुळायला हवेत.

आता गंमत बघ. हा फरक तुला मराठीत आधीपासून येतो. ‘मी कंत्राटदाराकडे नोकरीला आहे आणि अमुक कंपनीत काम करते’ हे वाक्य तू न अडखळता बोलशील. ‘कडे’ आणि ‘त’ यांची अदलाबदल तू कधीच करणार नाहीस. इंग्रजीत त्या ‘कडे’च्या जागी ‘फॉर’ येतो, म्हणजे पगार देणारा. आणि त्या ‘त’च्या जागी ‘ॲट’, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा. ‘आय वर्क फॉर’ म्हटलंस की पुढे कंत्राटदाराचं नाव. ‘ॲट’ म्हटलंस की औषध कंपनीचं. ज्यांचा पगार आणि गेट एकाच कंपनीचं, त्यांनी दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी चालतं. तुझं तसं नाही, म्हणून तुला जपावं लागेल.

‘इन’ लागतो तो विभागाला, क्षेत्राला आणि गावाला: इन द क्यूसी लॅब, इन फार्मा, इन रबाळे. ‘आय वर्क इन अ फार्मा कंपनी’ हेही चुकीचं नाही, फक्त कंपनीचं नाव घेऊन सांगताना ‘ॲट’ जास्त बरा वाटतो. पदाला ‘ॲज’. ‘विथ’ आपल्याकडच्या बायोडेटांमध्ये सर्रास दिसतो आणि इथे तो खपतोही, पण त्यातून नोकरी की नुसता कामापुरता संबंध, हे कळत नाही. तुझ्या बाबतीत नेमकं तेच स्पष्ट व्हायला हवं, तेव्हा तो टाळ.

तू पाठवलेल्या बायोडेटात पहिलीच ओळ आहे, ‘वर्किंग विथ’, पुढे औषध कंपनीचं नाव, मग ‘सिन्स टू इयर्स’. ती खोडून असं लिही: ‘आय वर्क फॉर’, कंत्राटदाराचं नाव, ‘ॲज अ क्यूसी केमिस्ट.’ मग दुसरं वाक्य: ‘आय हॅव बीन पोस्टेड ॲट’, औषध कंपनीचं नाव, ‘इन रबाळे, फॉर टू इयर्स.’ दोन छोटी वाक्यं, पण वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही. कंत्राटावर असण्यात लपवण्यासारखं काही नाही. एचपीएलसीच्या तपासणी यंत्रावर सँपल तूच चालवलीस, टायट्रेशन तूच केलंस. तो अनुभव तुझा आहे.

‘सिन्स’चं दुखणं मात्र मराठीतूनच आलंय. आपण ‘जूनपासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो, दोन्हीकडे एकच ‘पासून’. इंग्रजीत ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो: सिन्स जून 2023. किती काळ झाला ते सांगायचं तर ‘फॉर’: फॉर टू इयर्स. आणि दोन्हींच्या आधी ‘आय ॲम वर्किंग’ नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग’. ही एक चूक मी ठाण्यात समोर बसणाऱ्या मुलांकडून इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त ऐकतो, इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडूनसुद्धा. त्यामुळे माध्यमाचा न्यूनगंड धरू नकोस.

‘बद्दल’ही असाच मध्ये येतो. ‘रिझल्टबद्दल सीनियरशी चर्चा केली’ म्हणून आपण ‘डिस्कस्ड अबाउट’ म्हणतो. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही: आय डिस्कस्ड द रिझल्ट विथ माय सीनियर. ‘जॉइन द कंपनी’, ‘रीच द ऑफिस’ यांतही मध्ये काही नको.

उलट काही ठिकाणी मराठी तुला हात देते. रजेवर, ड्युटीवर, प्रोबेशनवर, कंत्राटावर, या सगळ्या ‘वर’ना ‘ऑन’ चालतो. हाताखाली म्हणजे ‘अंडर’. साहेबांना रिपोर्ट करते, तिथे ‘रिपोर्ट टू’. पण डोळे मिटून प्रत्यय बदलत गेलीस तर फसशील, कारण ‘मी कामावर आहे’ हे ‘ॲट वर्क’ होतं, ‘ऑन वर्क’ नाही. आणि ‘कंपनीकडे अर्ज केला’ यातल्या ‘कडे’ला ‘टू’, तर ‘पदासाठी’ला ‘फॉर’. म्हणून सुटा शब्द पाठ करू नकोस, जोडी पाठ कर: अप्लाय फॉर द पोस्ट, रिस्पॉन्सिबल फॉर कॅलिब्रेशन, इन चार्ज ऑफ द सँपल रूम, एक्स्पीरियन्स इन क्वालिटी कंट्रोल. आपण ‘कामाला लागला’ आणि ‘कामावर गेला’ हे जसं व्याकरण न आठवता बोलतो, तशी ती जोडी जिभेवर बसायला हवी. पंधरावीस जोड्या पुरेत. घणसोलीहून ऐरोलीला जाताना गाडीत पुटपुट. इन द ट्रेन की ऑन द ट्रेन, असल्या प्रश्नांवर आत्ता डोकं शिणवू नकोस. त्यावरून कोणी नोकरी नाकारत नाही.

मंगळवारी बोलताना एखादा शब्द चुकलाच, तर थांबून तेच वाक्य नीट म्हण आणि पुढे जा. माफी मागत बसू नकोस.

एक काम मात्र सोमवारच्या आत कर. अनुभवाचा दाखला तुला कंत्राटदाराकडूनच मिळेल. त्यांच्या ऑफिसात जाऊन सांग की दाखल्यात पदाच्या पुढे ‘डिप्लॉइड ॲट’ असं लिहून औषध कंपनीचं नाव आणि कामाचा कालावधी घालून द्या. तो कागद, नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन स्लिपा एकाच फाईलमध्ये ठेव. ‘हू डू यू वर्क फॉर?’ असं पुन्हा विचारलं तर आधी कंत्राटदाराचं नाव सांग, मग कंपनीचं, आणि दाखला समोर ठेव.