टाके सुकले, पापणी अजून फडफडते

प्रश्न : डॉक्टर, मी हर्णै बंदरावर लिलावात म्हावरं घेऊन दापोलीच्या बाजारात विकते. वय ५१. सहा वर्षांपूर्वी डावी पापणी लवायला लागली. बाईचा डावा डोळा लवणं शुभ, असं शेजारणी म्हणायच्या. मग गाल, ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला. बोटॉक्सची इंजेक्शनं तीनदा घेतली. तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी मुंबईला कानामागून ऑपरेशन केलं. आज ३७ दिवस झाले. फडफड निम्मी झालीय, पण गेलेली नाही. डिस्चार्ज कार्डावर 'एलएसआर नाहीसा' असं लिहिलंय. घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मी बरी होणार की नाही, हे आत्ताच कळेल का?

उत्तर : ताई, पैसे पाण्यात गेलेले नाहीत. ३७व्या दिवशी असा निकाल लावूच नये.

तुमच्या आजाराला हेमिफेशियल स्पॅझम म्हणतात, म्हणजे अर्ध्या चेहऱ्याची फडफड. मेंदूच्या देठातून चेहऱ्याची नस निघते, तिथेच एक रक्तवाहिनी तिला टेकून प्रत्येक ठोक्याला डिवचत होती. सर्जननी ती बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा बोळा ठेवला. डिवचणं त्या दिवशीच थांबलं. पण सहा वर्षं चाळवलेली नस आणि तिचं मेंदूतलं केंद्र निवायला वेळ लागतो. इंजिन बंद केलं तरी होडी किती पुढे सरकत जाते, ते तुम्ही रोज बघता.

आता ते 'एलएसआर'. नसेच्या एका फांदीला विजेचा हलका झटका दिला, तर एरवी दुसऱ्या फांदीचे स्नायू हलत नाहीत. तुमच्या आजारात डोळ्याकडच्या फांदीला झटका दिला की हनुवटीचा स्नायूही उडतो. बाजूच्या फांदीत पसरणारी ही लाट म्हणजेच एलएसआर (लॅटरल स्प्रेड रिस्पॉन्स). भूल असतानाच हे यंत्रावर बघतात. रक्तवाहिनी सुटल्यावर तुमची ती लाट गेली, हे चांगलं लक्षण. हमी मात्र नाही. लाट न जाताही पूर्ण बरे झालेले रुग्ण आहेत, आणि लाट जाऊनही फडफड उरलेले थोडे आहेत. मला त्या कार्डापेक्षा तुमचा 'निम्मी' हा शब्द जास्त धीर देतो.

अनुभवी हातांत दहापैकी साधारण आठ-नऊ जण बरे होतात, काही लगेच, काही महिन्यांनी. म्हणूनच दुसऱ्या ऑपरेशनचा विचार सहसा वर्षभर करत नाहीत. मिरकरवाड्याचे जाळी विणणारे माझे एक रुग्ण सातव्या महिन्यात बरे झाले. त्याआधी महिनाभर गाल उडायचा तो फक्त चहाची बशी ओठाला लावताना.

दर शनिवारी, त्याच जागी, त्याच उजेडात मुलाला मोबाइलवर दोन मिनिटं चित्रण करायला सांगा : डोळे घट्ट मिटा, शीळ घातल्यासारखे ओठ करा, मग कालचा लिलाव सांगा. रोज आरशात बघून काही कळत नाही, उगाच जीव टांगणीला लागतो. तपासणीला जाताना ही चित्रणं न्या आणि कोणती रक्तवाहिनी होती, दाब स्पष्ट दिसला का, हे विचारा. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

मात्र तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना किंवा त्या कानाने कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. उशिरा आलेला असा चेहऱ्याचा लुळेपणा बहुतेकदा भरून येतो, पण तोवर डोळा जपावा लागतो. नाकातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखा स्राव, ताप, मान आखडणं यांपैकी काहीही दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा.

लिलावाला जा. डोक्यावर पाटी घ्यायची ती मात्र सर्जननी हो म्हटल्यावर.