मुली कमी पळत नाहीत, मोजायची रेघच चुकलीय

प्रश्न : मी एका महिला रग्बी टीमची फिजिओ आहे. या सीझनपासून मुलींना जीपीएस व्हेस्ट (पाठीवर वेग आणि अंतर मोजणारं युनिट असलेलं बनियन) मिळालेत. मॅचनंतर रिपोर्ट येतो त्यात हाय स्पीड रनिंगचा आकडा इतका छोटा असतो की हेड कोच म्हणतात मुली जोर लावून पळतच नाहीत. मला तर मुली पार दमलेल्या दिसतात. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : मुलींवर ठेवा. आणि आज पहिलं काम हे करा, सॉफ्टवेअर उघडून हाय स्पीडची रेघ कितीवर सेट आहे ते बघा. बहुतेक सेकंदाला ५ मीटर असेल, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. हा आकडा पुरुषांच्या रग्बीतून आलाय आणि महिलांच्या टीमलाही तोच लावून टाकतात. रेघेच्या वर गेलं की ते हाय स्पीड, खाली राहिलं की साधं पळणं, त्यामुळं एखादी मुलगी धापा टाकत ४.८ ने पळत असेल तरी रिपोर्टमध्ये ती आरामात जॉगिंग करतेय असंच दिसणार!

यावर २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या महिला सेव्हन्स (सात-सात जणींची रग्बी) खेळाडूंवर झालेला एक अभ्यास आहे, तो तुमच्या कोचना नक्की सांगा. त्यांनी मुलींना ट्रेडमिलवर मास्क लावून पळवलं, वेग हळूहळू वाढवत नेला आणि श्वास कुठल्या वेगाला एकदम वाढतो ते बघितलं, म्हणजे ज्याच्यापुढं शरीर फार वेळ टिकू शकत नाही तो वेग. याला दुसरा व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. त्याची सरासरी आली सेकंदाला ३.५ मीटर, ताशी १२.६ किलोमीटर! म्हणजे खरी मेहनत ३.५ ला सुरू होतेय आणि आपण मोजायला सुरुवात करतोय ५ ला. ५ च्या रेघेमुळं मुलींचं हाय इंटेन्सिटी पळणं ३० टक्क्यांपर्यंत कमी मोजलं जात होतं असं त्यात निघालं.

मग सरळ ३.५ सेट करून मोकळं व्हायचं का, तर त्याच अभ्यासात असंही दिसलं की सगळ्यांना एकच ३.५ लावला तरी एकेका मुलीचा आकडा १४ टक्क्यांपर्यंत वरखाली होतो. टीममध्ये विंगर (कडेनं सुसाट पळणारी) पण असते आणि लॉक (उंच, दणकट, ढकलाढकलीतली) पण असते, दोघींचं इंजिन वेगळं. समजा एकीचा टॉप स्पीड सेकंदाला ८.२ मीटर आहे आणि दुसरीचा ६.६, तर ५ मीटरचा वेग पहिलीसाठी तिच्या कमालीच्या ६१ टक्के झाला आणि दुसरीसाठी ७६ टक्के. दोघी शेजारीशेजारी पळाल्या तर रिपोर्टमध्ये काम अगदी सेम दिसेल आणि दुसऱ्या दिवशी पाय मात्र एकीचेच भरून आलेले असतील, हे फिजिओ म्हणून तुम्हाला मी सांगायची गरज नाही. माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येकीची रेघ तिच्या स्वतःच्या टेस्टवरून ठरवा, आणि वाटलं तर ५ चा कॉलम बाजूला राहू द्या, दुसऱ्या टीमशी तुलना करायला लागतो तो.

अजून एक, व्हेस्ट घट्ट बसतंय ना ते बघा. दोन खांद्यांच्या मधे ते युनिट हलत असेल तर ॲक्सेलरोमीटरचा (धक्के आणि वेगातले बदल मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा खराब येतो, आणि पुरुषांच्या मापाचे व्हेस्ट मुलींना दिले की हे हमखास होतं. शिवाय प्रत्येकीला दर वेळी तेच युनिट द्या आणि कॅटापल्ट कंपनीच्या युनिटचे आकडे स्टॅटस्पोर्ट्स कंपनीच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करत बसू नका.

प्रश्न : मी १९ वर्षांची, प्रॉप (सगळ्यात पुढच्या ओळीत ढकलणारी) खेळते. रनिंगच्या यादीत मी कायम शेवटी असते आणि टीम मीटिंगमध्ये ती यादी सगळ्यांसमोर लावतात. फार वाईट वाटतं. मी खरंच कमी पडते का?

उत्तर : नाही गं. जीपीएसला फक्त तू किती हललीस ते कळतं. स्क्रममध्ये (दोन्ही टीम एकमेकींना भिडून ढकलतात तेव्हा) तू समोरच्या आठ जणींचा जोर अंगावर घेतेस तेव्हा तुझा वेग जवळपास शून्य असतो, रकमध्ये (जमिनीवरच्या बॉलसाठी होणाऱ्या ढकलाढकलीत) पण तेच, टॅकल करून (समोरचीला पकडून पाडून) पडून परत उठण्यात पण तेच, आणि या सगळ्याचे रनिंगच्या यादीत मार्क शून्य. वरून तुझं पळणं असतं पाच-सात मीटरचं, उभ्यापासून सुरू होणारं, त्यात जोर प्रचंड लागतो पण वेग रेघेपर्यंत पोचायच्या आत समोर कुणीतरी येतं. छोट्या, झटक्यात सुटणाऱ्या धावा मोजताना जीपीएसची चूक पण जास्त होते, लांब सरळ पळण्यात तेच मशीन बरं चालतं. प्रॉप आणि विंगर एका यादीत लावणंच चूक आहे. कोचना सांग की फॉरवर्ड्सची (स्क्रममध्ये ढकलणाऱ्यांची) यादी वेगळी करा आणि शेजारी टॅकल, रक, स्क्रम मोजा, व्हिडिओवरून मोजता येतात. आणि तुझी तुलना तुझ्याच मागच्या मॅचशी कर.

प्रश्न : सेव्हन्ससाठी 'मिनिटाला किती मीटर' ही सरासरी पुरते का?

उत्तर : ट्रेनिंग त्यावर ठरवणार असाल तर नाही पुरत. मॅच १४ मिनिटांची, मैदान मात्र पंधरा जणींच्या खेळाएवढंच मोठं, आणि बॉल बाहेर गेला, ट्राय झाली (गोलरेषेपलीकडं बॉल टेकवून गुण मिळाले) की थांबायचा वेळ सगळा सरासरीत मिसळतो. सर्वात कठीण एक मिनिट शोधा, आणि ते शोधताना घड्याळाप्रमाणे पहिलं मिनिट दुसरं मिनिट असे तुकडे करू नका कारण जोराचा खेळ साडेतीन ते साडेचार मिनिटांत झाला तर तो दोन तुकड्यांत वाटला जाऊन सौम्य दिसतो. एका मिनिटाची खिडकी सेकंदासेकंदाने पुढं सरकवत न्यायची, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

प्रश्न : आमच्याकडं जीपीएस नाही, फक्त मोबाईल आहे. टॉप स्पीड काढता येईल का?

उत्तर : येईल, आणि चांगला येईल. ३० मीटर वेग घ्यायला द्या आणि पुढच्या १० मीटरच्या दोन्ही टोकांना खांब लावा. स्टॉपवॉच वापरू नका, १.२५ सेकंद लागले तर वेग ८ येतो आणि बोट ०.२ सेकंद उशिरा दाबलं तर तोच ६.९ होतो. मोबाईल बाजूला स्टँडवर ठेवून ६० फ्रेमवर शूट करा आणि फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ०.०१७ सेकंद. मुलीला खांबांना अगदी चिकटून पळायला सांगा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कोनामुळं अंतर चुकतं. दोनतीन वेळा पळवा, मधे पूर्ण विश्रांती द्या, आणि वॉर्मअप नीट झाल्याशिवाय ही टेस्ट घेऊ नका कारण हॅमस्ट्रिंग जातो तो अशाच फुल स्पीडला.